दोन सुरावटींत वाढलेलं मूल स्वतःचं संगीत कुठून आणतं?

दोनतारी

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. ती व्हायोलिन वाजवते, आणि एकच वाद्य दोन तऱ्हांनी वाजवते. आमचं घर अर्धं मराठी, अर्धं तमिळ. पाच वर्षांची असताना तिच्या पाटीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिला मांडी घालून बसवलं, वाद्याचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवलं आणि सा-प-सा-प लावलेल्या तारांवर सरळी वरिसै, म्हणजे कर्नाटक संगीतातले सुरुवातीचे पाठ, सुरू केले. नवव्या वर्षी ती शाळेच्या वाद्यवृंदात गेली. तिथे उभं राहायचं, वाद्य हनुवटीखाली धरायचं, तारा पाश्चात्त्य सुरांत जी-डी-ए-ई, आणि समोर छापील कागद. या दोन्हींच्या मधे मी. मी काहीच शिकलेली नाही, पण घरात वावरताना अभंग आणि भावगीतं गुणगुणत असते, तेही तिच्या कानावर पडत गेलं.

शाळेतल्या बाई सांगतात, "सुरावर नेमकी पोच, घसरत जाऊ नकोस." पाटी सांगतात, "सूर आला, पण हलला नाही, नुसता उभा राहिला." दोघींचं आपापल्या जागी बरोबर आहे, हे मला कळतं. मुलीलाही कळतं.

गेल्या वर्षी ती स्वतःचे छोटे तुकडे रचायला लागली होती. फोनवर रेकॉर्ड करायची, मला ऐकवायची. तीन महिन्यांपूर्वी ते थांबलं. खूप विचारल्यावर म्हणाली, "आई, मी काहीही वाजवलं तरी ते कुणाचं तरी असतं. पाटीचं, नाहीतर बाईंचं. माझं कुठलं?"

मला उत्तर देता आलं नाही. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. दोन-तीन संस्कृतींमध्ये वाढलेल्या संगीतकारांचं या टप्प्यावर काय होतं? विविधता ही श्रीमंती असते, हे मी तिला सांगून पाहिलं. तिला ते पुरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. प्रत्यक्ष कुणी काय केलं, ते हवं आहे.

खर्जातला_सा

तुमच्या मुलीचा प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत एका मोठ्या माणसाला पडला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

संगीतकार आस्तोर पियाझोला. जन्म १९२१, अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता गावी, इटालियन वंशाच्या घरात. तो चार वर्षांचा असताना आईवडील न्यूयॉर्कला गेले. तिथल्या गल्ल्यांमध्ये ज्यू, इटालियन, आयरिश अशी सगळी गर्दी, बाहेर जॅझ, आणि घरात वडिलांच्या टँगोच्या, म्हणजे अर्जेंटिनातल्या नृत्यसंगीताच्या, तबकड्या. आठव्या वर्षी वडिलांनी त्याला बांदोनिऑन हे भात्याचं वाद्य आणून दिलं. हे वाद्य मूळचं जर्मन, पण दक्षिण अमेरिकेत जाऊन टँगोचा आवाज झालेलं. पोराला टँगोची फारशी ओढ नव्हती. पुढे शेजारी एक हंगेरियन पियानोवादक राहायला आला, बेला विल्डा, तो बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या रचना वाजवायचा. आणि आस्तोर बांदोनिऑनवर बाख वाजवायला शिकला. म्हणजे इटालियन घरातला, अर्जेंटिनात जन्मलेला मुलगा न्यूयॉर्कमध्ये जर्मन वाद्यावर बाख वाजवतोय आणि वडील बाजूला टँगो लावून बसलेत.

सोळा वर्षांच्या आसपास तो अर्जेंटिनाला परतला, आनिबाल त्रोइलोच्या टँगो वाद्यवृंदात वाजवू लागला आणि दिवसा हिनास्तेरा या संगीतकाराकडे रचनाशास्त्र शिकू लागला. हळूहळू त्याला वाटायला लागलं की टँगो ही रात्रीच्या अड्ड्यांवरची गोष्ट, आपण खरे सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाच्या रचना, लिहिणारे. १९५४ मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला रचनेच्या शिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे गेला तेव्हा सोबत सिंफनी आणि सोनाटांच्या, म्हणजे एक-दोन वाद्यांसाठीच्या रचनांच्या, वह्या होत्या. टँगोबद्दल तो बोललाच नाही. बुलांजेंनी वह्या वाचल्या आणि सांगितलं की लिखाण चांगलं आहे. इथे स्त्राविन्स्की दिसतो, इथे बार्तोक, इथे राव्हेल, सगळे दुसरे संगीतकार, पण पियाझोला कुठे दिसत नाही. मग खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने कबूल केलं की आपण टँगो वाजवतो. त्यांनी वाजवायला लावलं. त्याने 'त्रिउन्फाल' हा स्वतःचा टँगो वाजवला, आणि त्या म्हणाल्या, हा पियाझोला.

ही गोष्ट नेहमी इथेच संपवली जाते. माझ्या मते खरी गोष्ट यापुढची आहे. बुलांजेंनी त्याला "जा, टँगो वाजव" म्हणून परत पाठवलं नाही. त्याच्याकडून काउंटरपॉइंटचे, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटी बांधण्याचे, कडक धडे गिरवून घेतले. १९५५ मध्ये तो परतला आणि आठ वादकांचा संच काढला, त्यात इलेक्ट्रिक गिटारसुद्धा होती. जुन्या टँगोप्रेमींनी हा टँगोच नव्हे म्हणून रान उठवलं आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच्याशी भांडले. त्या संगीतात बाखची वीण आहे, जॅझचा ठोका आहे, आणि सगळं टँगोच्या हाडांवर उभं आहे.

तुमच्या मुलीला सांगा, "हे कुणाचं तरी आहे" हे ऐकू येणं ही पहिली पायरी असते. पियाझोलाला ते तेहेतिसाव्या वर्षी दुसऱ्याने सांगावं लागलं. हिला पंधराव्या वर्षी आपलं आपण ऐकू आलं.

आडवाट

वरचा प्रतिसाद आवडला, पण माझा एक आक्षेप आहे. आपण यशस्वी माणसं निवडतो आणि त्यांच्या बालपणात कारण शोधतो. दोन संस्कृतींत वाढलेली लाखो मुलं काहीच रचत नाहीत. उलट बाख जर्मन मुलखाबाहेर कधी गेलाच नाही.

दुसरं उदाहरण 'क्वीन' या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं. जन्म झांझिबारमध्ये १९४६ साली, पारशी घर, शाळा पाचगणीच्या वसतिगृहात, १९६४ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं. याहून मिश्र बालपण कुठलं? पण त्याच्या गाण्यांत ते बालपण दाखवा म्हटलं तर बोट ठेवायला जागा फार थोड्या. १९७८ चं 'मुस्तफा' सोडलं तर ओढूनताणून काढावं लागतं. पाचगणीतला पियानो आणि शाळेतला मुलांचा बँड एवढं निश्चित सांगता येतं, बाकी आपण रंगवतो.

तेव्हा दोनतारी, मुलीवर "तू दोन संस्कृतींतली आहेस, तर दोन्ही दिसायला हव्यात" असं ओझं येणार नाही, एवढं बघा.

खर्जातला_सा

@आडवाट, ओझ्याबद्दल पूर्ण सहमत. बाखबद्दल मात्र नाही. बाख हिंडला नाही, पण वायमारला असताना त्याने इटालियन संगीतकार व्हिवाल्दीचे कॉन्चेर्टो, म्हणजे एखादं वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचना, समोर ठेवून ते ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्डसाठी स्वतः उतरवून काढले. फ्रेंच नृत्यांच्या तऱ्हा आत्मसात केल्या. १७३५ मध्ये छापलेल्या त्याच्या एका रचनेचं नावच इटालियन पद्धतीचा कॉन्चेर्टो आहे. जे बालपणाने दिलं नाही ते त्याने हाताने नकलून मिळवलं. परक्या रचनेतला सूर न् सूर स्वतःच्या हाताने लिहिणं हाही एक प्रकारे त्या घरात वाढण्याचाच मार्ग आहे.

आडवाट

मान्य. मग प्रश्न बालपणाचा कमी आणि ऐकण्याचा जास्त, असं म्हणू या.

मात्रामोजणी

ऐकण्यावरून दोन गोष्टी सांगते. कानाचा अभ्यास हा माझ्या कामाचा भाग आहे.

एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या संशोधकांनी २००५ मध्ये तान्ह्या मुलांवर काम प्रसिद्ध केलं. बाल्कन भागातल्या लोकसंगीतात सातसारख्या विषम मात्रांचे ठेके सर्रास असतात. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या माणसांना अशा ठेक्यात कुठे बिघाड केला ते कळत नव्हतं. साध्या ठेक्यात लगेच कळायचं. बल्गेरियन आणि मॅसेडोनियन मूळ असलेल्या मोठ्यांना दोन्हींत कळायचं. आणि सहा महिन्यांच्या उत्तर अमेरिकन बाळांनाही दोन्हींत कळायचं! बारा महिन्यांची होईपर्यंत ती बाळं मोठ्यांसारखी झाली, परका ठेका त्यांच्या कानाने सोडून दिला. पण त्याच वयाच्या बाळांना दोन आठवडे घरी ते संगीत ऐकवलं तर फरक ओळखणं परत आलं. मोठ्यांना तेवढंच ऐकवून तसा फायदा झाला नाही.

म्हणजे कान जन्मतः सगळ्यांसाठी उघडा असतो आणि घर त्याची दारं एकेक करून लावत जातं. दोन संगीतांच्या घरात दारं जास्त काळ उघडी राहतात. यातून रचना निर्माण होते असं हा अभ्यास म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण जी गोष्ट इतरांना विशीत घाम गाळून शिकावी लागते ती या मुलीच्या कानात आधीच बसलेली आहे. तिला ती सहज वाटते, म्हणून मोलाची वाटत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. अनिरुद्ध पटेल आणि जोसेफ डॅनिएल यांनी २००३ मध्ये इंग्लिश आणि फ्रेंच संगीतकारांच्या वाद्यसंगीतातल्या सुरावटी मोजल्या. लागोपाठच्या स्वरांची लांबी एकमेकींपासून किती बदलते, एवढंच बघितलं. इंग्लिश बोलण्यात अ-आ-इ अशा स्वरोच्चारांच्या लांबी-आखूडपणाचा चढउतार फ्रेंचपेक्षा जास्त असतो, आणि दोन्हींकडच्या संगीतातही तोच फरक सापडला. शब्द नसलेलं संगीत, तरी त्यात मातृभाषेची चाल. तुमची मुलगी तमिळ, मराठी आणि शाळेतली भाषा अशा तिन्ही चालींत बोलते. तिच्या सुरावटीत कुठली चाल येते हे तिला स्वतःला ठरवून आणता येणार नाही, पण येणार हे नक्की.

पानगळ

मी सहसा वाचते, लिहीत नाही. पण "माझं कुठलं" हे वाक्य वाचून राहवलं नाही.

मी दोन देशांत वाढले. अठराव्या वर्षी संगीत महाविद्यालयात रचना शिकायला गेले. तिथे माझं नाव वाचून सगळ्यांना माझ्याकडून काय हवंय ते ठरलेलं होतं. मी पियानोचा साधा तुकडा लिहिला की एक शिक्षक विचारायचे, "यात तुझी संस्कृती कुठे आहे?" मग मी त्यांना हवं ते द्यायला लागले. तबल्याचा ठेका, वर रागाचे चार स्वर, खाली पाश्चात्त्य कॉर्ड्स. गुण चांगले मिळाले, कार्यक्रमांत वाजलंही. मला त्यातलं एकही पान आज जवळ ठेवावंसं वाटत नाही, कारण त्यातला राग मला येत नव्हता. मी पाच स्वर घेत होते आणि त्याला रागाचं नाव देत होते. राग म्हणजे त्या स्वरांची चाल, कुठे थांबायचं, कुठून वळसा घ्यायचा. ते मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

नंतर दोन वर्षं काहीच लिहिलं नाही. तुमच्या मुलीचे तीन महिने वाचून मला ती दोन वर्षं आठवली. त्या काळात एकदा आजीची एक अंगाई कागदावर उतरवायला बसले. माझ्याकडे तिचं जुनं रेकॉर्डिंग होतं. चारचारच्या मापात बसेना. तीनच्यात बसेना. चारपाच दिवस मोजत राहिले. मग लक्षात आलं, प्रत्येक ओळीच्या शेवटी आजी श्वास पुरेल तेवढी थांबतेय, आणि मांडीवरचं मूल झोपत आलं की ओळ लांबतेय. ठेका बाहेरून आलेला नव्हताच, तो तिच्या श्वासाचा आणि मांडी हलवण्याचा होता. मी मापाच्या उभ्या रेघा काढून टाकल्या आणि तसंच लिहिलं. मग त्याच तऱ्हेने व्हायोलासाठी एक स्वतःची रचना लिहिली, जिच्यात त्या अंगाईचा एकही स्वर नाही. ऐकणाऱ्याला त्यात कुठलाच देश ऐकू येत नाही. मला त्यात आजी ऐकू येते.

मला असं वाटतं की बालपणातून घेण्यासारख्या गोष्टी रागाच्या किंवा तालाच्या नावांपेक्षा खोल असतात. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, सूर धरून ठेवायचा की सोडून द्यायचा, अशा गोष्टी.

दोनतारी

@पानगळ, तुमचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, पुन्हा वाच.

@मात्रामोजणी, बाळांचं वाचून थक्क झाले. एक शंका: मग दोन्ही चालू ठेवणं बरोबर आहे का? नातेवाइकांमध्ये एक मत असं आहे की आता एकच पद्धत निवडायला लावा, नाहीतर धड ना इकडची, धड ना तिकडची होईल.

जुनी_पेटी

एकच निवडा, या मताच्या बाजूने मी थोडं बोलतो, कारण या धाग्यावर ती बाजू अजून कुणी मांडलेली नाही.

रविशंकर दहा वर्षांचे असताना थोरले बंधू उदयशंकर यांच्या नृत्यसंचाबरोबर पॅरिसला गेले. त्यांचं वाढतं वय युरोप-अमेरिकेच्या रंगमंचांवर गेलं. नाचायचे, दोन-चार वाद्यं वाजवायचे, तिकडचं संगीत ऐकायचे. सगळं येत होतं आणि कशाचाच तळ लागत नव्हता. १९३५ मध्ये उस्ताद अल्लाउद्दीन खाँ त्या संचाबरोबर दौऱ्यावर आले आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं, शिकायचं असेल तर हे सगळं सोडून ये. १९३८ मध्ये रविशंकर मैहरला गेले. विजेच्या दिव्यांचे रंगमंच सोडून एका छोट्या गावात सहा-सात वर्षं रोज तासन्‌तास रियाज. पुढे त्यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी सतारीचे कॉन्चेर्टो लिहिले, पहिला १९७१ मध्ये लंडनला वाजला. पॅरिसमधलं बालपण वाया गेलं नाही, पण ते बोलू लागलं मैहरनंतर.

मला पन्नास वर्षं पेटीची साथ करून जे कळलं ते एवढंच की एका तरी भाषेत माणसाला भांडता, रडता आणि गप्प बसता आलं पाहिजे. पाच भाषांत फक्त रस्ता विचारता येऊन उपयोग नाही.

खर्जातला_सा

@जुनी_पेटी, यात एक भर. ज्या गुरूने एवढं कडक सोवळं पाळायला लावलं, त्या बाबा अल्लाउद्दीन खाँचा स्वतःचा कान किती मिश्र होता! सरोद तर होताच, ते व्हायोलिनही वाजवायचे. मैहरच्या अनाथ मुलांना घेऊन त्यांनी जो बँड उभा केला त्यात सतार-सरोदबरोबर पाश्चात्त्य वाद्यं होती, आणि बंदुकीच्या नळ्यांपासून त्यांनी नलतरंग हे वाद्य बनवलं होतं. म्हणजे शिस्त एका परंपरेची, पण खिडक्या बंद नव्हत्या.

सांजधून

आणि आपले कुमार गंधर्व कुणालाच कसे आठवले नाहीत?

जन्म १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घरची भाषा कानडी. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसंच गायचे, सगळा गाव थक्क व्हायचा. तुमच्या मुलीचं "हे कुणाचं तरी आहे" इथे आठवतं. त्या मुलाचंही सगळं कुणाचं तरीच होतं, आणि लोक त्यालाच टाळ्या देत होते. मग मुंबईत देवधर मास्तरांकडे आले. देवधरांचा स्वतःचा पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास होता आणि त्यांच्याकडे निरनिराळ्या घराण्यांचे गवई यायचे. एका घराण्याची चौकट लादणारे ते गुरू नव्हते.

पुढे क्षयरोग झाला. १९४८ मध्ये हवापालटासाठी देवासला गेले आणि काही वर्षं गाणं पूर्ण बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्यातल्या बायकांची गाणी, वाटेवरच्या फकिरांची भजनं ऐकत राहिले. ती भाषा त्यांची नव्हती, ती चालही नव्हती. उठल्यावर त्यांनी ती गाणी गोळा केली, त्यांत दडलेले राग शोधले आणि त्यांना धुनउगम राग म्हटलं, म्हणजे धुनेतून उगवलेले. १९६५ चा 'अनूपरागविलास' बघा, त्यात त्यांच्या बंदिशी आणि नवे राग आहेत. कानडी घर, मराठी तालीम, माळवी कान. पण ते गाणं ऐकताना कुठे जोड दिसत नाही.

मला यात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते न गाण्याचं. गळा बंद होता तेव्हा कान मोकळा झाला. मुलगी तीन महिने रचत नाहीये म्हणून घाबरू नका. ती या दिवसांत काय ऐकते ते बघा.

मात्रामोजणी

@सांजधून, अगदी. हंगेरियन संगीतकार बार्तोकचंही असंच आहे आणि ते जास्त बोलकं आहे. त्याचा जन्म १८८१ चा. आज ती जागा रुमानियात आहे. वडील गेल्यावर आई शिक्षिकेची नोकरी करत गावं बदलत राहिली, त्यातलं एक आज युक्रेनमध्ये आहे, एक स्लोव्हाकियात. हंगेरियन, जर्मन, स्लोव्हाक, रुमानियन, सगळ्यांच्या मधे वाढला. तरीही खेड्यातलं खरं लोकगीत त्याने लक्ष देऊन ऐकलं ते १९०४ मध्ये, तेविसाव्या वर्षी, घरकामाला आलेली एक ट्रान्सिल्व्हेनियाची मुलगी मुलांसाठी गात होती तेव्हा. ज्या गोष्टीच्या मधे तो वाढला ती त्याला तोपर्यंत ऐकूच आली नव्हती. नंतर मात्र मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करत तो हजारो गाणी गोळा करत फिरला, १९१३ मध्ये अल्जीरियातल्या बिस्क्रापर्यंत आणि १९३६ मध्ये तुर्कस्तानात.

आसपास असणं आणि ऐकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीला मी बाळांच्या कानाबद्दल लिहिलं, तिथे हे जोडायला हवं होतं.

गजधारी

मी व्हायोलिन शिकवतो, दोन्ही पद्धतींचे विद्यार्थी येतात. थोडं हातातलं बोलू या, कारण या मुलीची अडचण निम्मी मनाची आणि निम्मी बोटांची आहे असं मला वाटतं.

आधी वाद्याबद्दल. कर्नाटक संगीतात व्हायोलिन आलं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे बंधू बालुस्वामी युरोपियन वादकाकडून ते शिकले आणि त्यांनी ते आपल्या संगीताला जोडलं. मुत्तुस्वामींनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत रचना केल्या, त्यांना नोट्टुस्वर म्हणतात. त्यातली एक चक्क ब्रिटनच्या राष्ट्रगीताच्या चालीवर आहे. म्हणजे पाटींच्या परंपरेतही हे वाद्य दोन घरांतच वाढलेलं आहे. आणि एन. राजम बघा. कर्नाटक व्हायोलिनच्या घरातल्या, लहानपणापासून वडिलांकडे शिकलेल्या. पुढे पंडित ओंकारनाथ ठाकूरांकडे गेल्या आणि ख्यालाचा गळा व्हायोलिनवर आणला. बैठक कर्नाटकी, गाणं हिंदुस्थानी.

आता बोटांचं. जी-डी-ए-ई मध्ये दर दोन तारांत पंचमाचं अंतर, सगळीकडे सारखं. सा-प-सा-प मध्ये पहिल्या दोन तारांत पंचम, मधल्या जोडीत मध्यमाचं अंतर, पुन्हा पंचम. त्यामुळे खालच्या दोन तारांवरची बोटं वरच्या दोन तारांवर तशीच चालतात, सप्तक तेवढं बदलतं. शाळेच्या जुळणीत असं होत नाही. तुमची मुलगी रोज दोन नकाशे बदलते. रचायला बसते तेव्हा कुठला नकाशा उघडायचा हे ठरवावं लागतं, आणि तो उघडला की त्या नकाशातली माणसं, बाई किंवा पाटी, सोबत येतात. हातात वाद्य घेताक्षणीच ते "कुणाचं तरी" होतं.

म्हणून एक सुचवतो. तिला सांगा, शाळेच्या व्हायोलिनच्या वरच्या दोन तारा एक-एक पूर्ण स्वर उतरव. ए चा जी, ई चा डी. झाली जी-डी-जी-डी, म्हणजे सा-प-सा-प. तारा चढवण्यापेक्षा उतरवणं सुरक्षित, तुटत नाहीत. मग उभं राहून, हनुवटीखाली धरून वाजव. जुळणी पाटींची, उभं राहणं बाईंचं. असं तिला दोघींपैकी कुणीच शिकवलेलं नाही.

आणि कुणी हे अशास्त्रीय म्हटलं तर ऐकू नका. पाश्चात्त्य परंपरेत तारा निराळ्या लावण्याला स्कोर्दातुरा म्हणतात. सतराव्या शतकात बीबर नावाच्या संगीतकाराने, बोहेमियात जन्मून साल्झबर्गला नोकरी केलेल्या, रोझरी सोनाटा लिहिल्या. पंधरा सोनाटा आणि शेवटी एकट्या व्हायोलिनचा एक पासाकालिया, म्हणजे खालची एकच छोटी सुरावट पुन्हा पुन्हा येत राहते अशी रचना. पहिली सोनाटा आणि तो पासाकालिया सोडले तर प्रत्येक सोनाटाला तारांची वेगळी जुळणी आहे. त्यातल्या दुसरीची जुळणी आहे ए-ई-ए-ई. म्हणजे सा-प-सा-प.

दोनतारी

@गजधारी, तुमचा प्रतिसाद मी रात्री वाचला आणि तिला उठवायचा मोह आवरला.

सकाळी सांगितलं. शेवटची ओळ ऐकून तिने मला ती तीनदा परत वाचायला लावली. मग तारा उतरवून खोलीत गेली. दार लावलं. पहिला अर्धा तास नुसते लांब सूर येत होते, मोकळ्या तारांचे. मग मधेच ती एका सुरावर घसरत आली, पाटी शिकवतात तशी, पण पोचल्यावर तो सूर न हलवता तसाच धरून ठेवला, खूप वेळ. मला संगीतातलं कळत नाही, पण मी हातातलं काम सोडून उभी राहिले. @पानगळ, तुम्ही लिहिलेलं कुठे थांबायचं, किती वेळ, ते मला तेव्हा समजलं.

पाटी बाहेर बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि हाक मारून विचारलं, "हे काय वाजवतेस?" ती म्हणाली, "अजून माहीत नाही." पाटी म्हणाल्या, "बरं. पण तो गांधार थोडा खाली घे."

घेतला तिने. पण दुसऱ्यांदा तो तुकडा आला तेव्हा गांधार परत वरच होता.

एकच पद्धत निवडायची की नाही, हे आम्ही सध्या ठरवत नाही आहोत. @जुनी_पेटी, तुमचं म्हणणं मात्र मनात ठेवलं आहे. पाटींचे धडे रोजच्या रोज चालू राहतील, आणि हे तिनेच सांगितलं. आता तिला बीबरची ती दुसरी सोनाटा बघायची आहे. कागद कुठे मिळेल?

गजधारी

मूळ हस्तलिखित म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात आहे. छापील प्रत जालावर मोफत मिळते, रचना स्वामित्वहक्काच्या बाहेर आहे.

एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवा. ती सोनाटा तिच्या जी-डी-जी-डी मध्येही बसेल, फक्त सगळं एक स्वर खाली वाजेल. आणि अशा रचनांत कागदावर जे स्वर लिहिलेले असतात ते बोटं कुठे ठेवायची ते सांगतात, वाद्य नेहमीसारखं लावलंय असं धरून. ऐकू येतं ते निराळंच. पहिल्या ओळीला तिला वाटेल आपलं काहीतरी चुकतंय. चुकत नसतं. कागदाप्रमाणे बोटं ठेवायची आणि पुढे वाजवत राहायचं.